बाळ्यासाठी लेन्स

४ मार्च
पुन्हा जिन्यात आडवा! मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर येतेय आणि हा घोड्याएवढा कुत्रा तिसऱ्या पायरीवर पसरलेला. पाय आपटला तर त्याने शेपूट आपटली. आतून दीर ओरडतोय — "वहिनी, ओलांडून या, तो काही करत नाही!"

तेच तर दुखणं आहे. दोघेही काही करत नाहीत. खायला काळ आणि भुईला भार. तळमजल्याची अख्खी लांबलचक खोली अडवून बसलेत, आणि माझा स्टुडिओ कुठे? वर, गॅलरीत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं की माझी पाठ भिंतीला टेकते. पासपोर्टचे फोटो काढून काढून माझं जगच पासपोर्टएवढं झालंय.

नवऱ्याला परत म्हटलं, खालची खोली मला द्या, त्याला वरची द्या. वरच्या खोलीत तो घोडा मावणार नाही म्हणे! आणि वर — "त्याची बायको सोडून गेली. आता छप्परही काढायचं का?"
बायको गेली, कुत्रा ठेवून गेली. शहाणी होती.

आणि एवढ्या धिप्पाड जनावराचं नाव काय, तर बाळ्या.

७ मार्च
इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी आले होते, ओळखपत्राचा फोटो काढायला. टक्कल चमकू नये म्हणून घरूनच पावडर लावून! बोलता बोलता कुत्र्यावर आले. तोंडी तक्रारी ढीगभर, हातात काही नाही. चावला नाही, भुंकत नाही, घाणसुद्धा दीर स्वतः उचलतो. "सभेत काहीतरी दाखवायला पाहिजे हो. बघून लोकांच्या पोटात गोळा आला पाहिजे."
मी त्यांची हनुवटी जरा खाली करायला सांगितली. म्हटलं, "फोटो चालेल?"
हसले. मीही हसले. फोटो छान आला त्यांचा.

खोली मोकळी झाली की फोटोमागचा पडदा कुठल्या भिंतीला लावायचा तेही ठरलं मनात. कुत्रा गेला की दीर कशाला राहतोय तिथे एकटा!

१० मार्च
गॅलरीतून काढले, मोठी लांब लेन्स लावून. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्या. अंगणात बसलेला, मागे भिंत धूसर, कानावर ऊन. दुरून डोंगर साजरे म्हणतात, कुत्रेही साजरे दिसतात! अगदी कॅलेंडरवर छापावा असा. शी!

११ मार्च
आज खाली उतरून पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावली. माणसांच्या चेहऱ्यासाठी वापरते तीच. आणखी वाईट. ओठ लोंबलेले, कपाळावर आठ्या, डोळे पाणीदार — एखाद्या रिटायर झालेल्या शिक्षकासारखा. सेक्रेटरींना दाखवले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, याला तर घरी न्यावंसं वाटतं!"
दात दिसत नाहीत त्याचे. फोटोत मोठाही वाटत नाही, आहे तेवढाच दिसतो.

१३ मार्च
लेन्सवाल्याकडे गेले. म्हातारा, खोकत खोकत बोलतो, पण माल चोख. म्हटलं, मोठ्या कुत्र्याचे फोटो काढायचेत, कुठली घेऊ?

खुलला एकदम! कुणी विचारलं की म्हाताऱ्याला स्वर्ग. म्हणाला, "मोठ्या कुत्र्याला लांबची लेन्स घ्या. ऐंशीच्या खाली येऊच नका. थोबाड लांब असतं ना त्यांचं — नाक पुढे, डोळे हातभर मागे. लांबून काढलं की सगळं आपापल्या जागी बसतं. आणि लांब असलात की तो बिचकत नाही." मग कपाटातून एक बुटकी, रुंद काचेची काढून दाखवली. "ही मात्र चुकूनही लावू नका. घर दाखवायला ठीक आहे. जवळून कुत्र्यावर लावलीत तर नाकापेक्षा मोती जड! तोंड हंड्याएवढं, धड उंदराएवढं. गरीब गाईचा राक्षस करते ही."

"तीच द्या," मी म्हटलं.

खोकला थांबला त्याचा.   फडक्याने काच पुसून दिली.

१५ मार्च
अडचण अशी की या लेन्सला वीतभर अंतरावर जावं लागतं. आणि एवढ्या जवळ कॅमेरा नेला की घोडा उठून आत जातो! दिसतो मठ्ठ, पण काळ्या नळकांड्याला भितो.
म्हणजे आधी ओळख वाढवायला हवी. आली का पंचाईत!

१८ मार्च
बिस्किटं. पहिल्या दिवशी हुंगून सोडून दिलं — मोठा मानी! दुसऱ्या दिवशी जमिनीवरून घेतलं. आज हातातून. एवढं मोठं तोंड, पण बोटाला ओठसुद्धा लागू दिला नाही. सोनाराने चिमट्याने मणी उचलावा तसं उचललं.
दीर दारातून बघत होता. डोळ्यांत पाणी, मूर्खाच्या! "वहिनी, तुम्ही त्याच्याशी बोलताय!"
म्हटलं, "भाऊजी, मुकं जनावर. काय वैर आहे माझं."

२२ मार्च
कॅमेरा शेजारी ठेवून बसते आता. हुंगून झालंय, चाटून झालंय. मागचे पाय नीट उचलत नाही तो, बसताना धपकन बसतो. दहा वर्षांचा आहे म्हणे. एवढ्या मोठ्या कुत्र्याला दहा म्हणजे पिकलं पान.
सासूबाई वरून म्हणाल्या, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं." त्यांना काय बोलायचंय ते बोलू देत.

२५ मार्च
जिन्यावर वाट बघत होता. माझी! पिशव्या खाली ठेवल्या तर डोकं आणून मांडीवर टेकवलं. केवढं जड! मांडीला मुंग्या आल्या.
उठवला नाही. उद्यासाठी उपयोगी पडेल म्हणून.

२६ मार्च
मिळाला!
अंगणात फरशीवर पोटावर पडले, दुसरं काही दिसू नये म्हणून त्याच्यामागे काळी भिंत घेतली. काच त्याच्या नाकापासून वीतभर. त्याने चाटली, मी पुसली. परत चाटली. मग तोंड वळवलं, ओठ चाटले स्वतःचे, माझ्याकडे तिरपं बघितलं, आणि दिली जांभई. ही एवढी! टाळूपासून घशापर्यंत लाल, सुळे, लाळेची तार. मी बटण दाबून धरलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि मीच मागे सरकले. गुहेसारखं तोंड, मागे कुठेतरी बारकं धड, डोळ्यांचं नुसतं पांढरं. वाघाने बघितलं तर झाडावर चढेल.
लेन्सवाला खरं बोलतो. राक्षस करते ही.
मी उठले तर तो माझ्या पदराचा वास घेत मागे मागे आला, बिस्किटासाठी. दिलं. दोन दिली.

३० मार्च
सभा. सेक्रेटरींनी फोटो एवढा मोठा करून भिंतीला लावला होता. खाली लिहिलं होतं — आपल्या मुलाबाळांच्या वाटेत हे बसतं. बायकांनी तोंडावर हात घेतले. वरच्या मजल्यावरची बाई तर रडायलाच लागली — ज्या बाईची पोरगी रोज त्याच्या पाठीला टेकून गृहपाठ करते! पोरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर दंडाला धरून खाली बसवली.

"कुणी काढला?" "एका रहिवाशाने," सेक्रेटरी म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. पक्का माणूस.

दीर उभा राहिला. हात जोडून. "अहो, तो जांभई देतोय."
हसले सगळे. जांभई म्हणे! कुणीतरी मागून म्हणालं, "मग भूक लागल्यावर काय करत असेल?" आणखी हसले. नवरा बुटांकडे बघत होता. मीही हसले असेन. आठवत नाही.
ठराव एकमताने. कुत्रा हलवा, नाहीतर कुत्रे पकडायची गाडी बोलावू.

२ एप्रिल
दिराने मला विचारलं नाही काही. कुणालाच विचारत नाही. फोनवर फोन चाललेत, कोण ठेवून घेईल म्हणून. गावाबाहेरच्या गोदामाचा मालक तयार झालाय — मोकळी जागा, राखणीला कुत्रा हवाच होता. चला, सुंठीवाचून खोकला गेला. मी तरी कुठे त्याचं वाईट चिंतलं होतं! मोकळ्या हवेत राहील.

४ एप्रिल
गोदामवाला नाही म्हणाला. त्याच्या फोनवर फोटो पोचला होता. फिरत फिरत कुठून कुठे जातात! खाली आता "सावधान" असं लिहिलंय आणि दोन माणसं फाडल्याची बातमी जोडलीय.
"असला नको रे बाबा," म्हणाला. "माझी नातवंडं येतात."

६ एप्रिल
सगळीकडून तेच. जिथे फोन करावा तिथे फोटो आधीच हजर.
सासूबाई जेवल्या नाहीत. "मुकं जनावर," म्हणत भिंतीकडे तोंड करून बसल्या. या घरात मी इतकी वर्षं मुकी वावरतेय, ते नाही कुणाला दिसलं.

९ एप्रिल
दीर वर आला. दाढी वाढलेली. "उद्या गाडीवाले येणार. फास टाकून नेतात, वहिनी. त्यापेक्षा मीच नेतो डॉक्टरकडे. तसेही पाय गेलेतच त्याचे." मग उंबऱ्यातच उभा राहिला. "तुम्ही याल? तुमच्यापाशी तो शांत असतो."
नवरा म्हणाला, "जा." एवढंच.
नाही कसं म्हणणार?

९ एप्रिल, संध्याकाळ
स्टीलच्या टेबलावर चढवायला तिघे लागलो. चढल्यावर त्याने आधी मला शोधलं. डोकं माझ्या पोटाशी खुपसलं आणि थरथरला. डॉक्टरांनी पायाचे केस काढले तसे ओठ चाटले, तिरपं बघितलं आणि जांभई दिली. तीच.

मी म्हटलं, "झोप आली वाटतं त्याला." काहीतरी बोलायचं म्हणून.
डॉक्टर सुई भरत होते. "झोप नाही, बाई. घाबरला की कुत्रा अशी जांभई देतो. 'लांब व्हा' असं सांगता येत नाही ना त्याला."

माझा हात त्याच्या कानामागे होता. जड व्हायला लागलं डोकं. जिन्यावर झालं होतं तसंच, त्याहून जड. दीर त्याच्या कानात सारखं एकच म्हणत होता, "बाळ्या, शहाणा. बाळ्या, शहाणा."
साडीला लाळ लागली. धुतली. गेली नाही.

१३ एप्रिल
जिना मोकळा. धडाधड चढून आले. वर आल्यावर लक्षात आलं, पिशव्या खालीच तिसऱ्या पायरीपाशी ठेवून आले होते.

१७ एप्रिल
नवऱ्याजवळ खोलीचा विषय काढला. त्याने ताटातला हात थांबवला. "तो कुठेही जात नाहीये. आता तर मुळीच नाही," म्हणाला आणि जेवत राहिला.
म्हणजे हात दाखवून अवलक्षण! पडदा, दिवे, सगळं गॅलरीतच.

२१ एप्रिल
दीर आला होता. स्टुलावर बसला, गिऱ्हाईक बसतं तसा.
"वहिनी, त्याचा फोटो द्याल एक?"
म्हटलं, "कुठला फोटो?"
"सभेतला. माझ्याकडे एकही नाही. रोज डोळ्यांसमोर होता, काढायचं सुचलंच नाही कधी."

मी ड्रॉवर उघडला, बंद केला.   तो पुढे म्हणाला, अगदी हळू — "मला त्याच दिवशी कळलं होतं. तोंडाच्या इतक्या जवळ तो फक्त दोघांना येऊ द्यायचा. दुसरा मी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ओरडला असता तर मीही ओरडले असते; माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. तो नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून.

पंच्याऐंशीवर काढलेले होते ना माझ्याकडे! ते पाणीदार डोळेवाले, कपाळावर आठ्या असलेले. गॅलरीतून काढलेले, कानावर ऊन असलेले. सगळे होते. दिले नाहीत. देऊन काय सांगणार होते — आधी खरे काढले होते म्हणून?
तोच दिला छापून. मोठ्या कागदावर, चांगल्या. त्याने दातांवरून अंगठा फिरवला.
"घाबरलाय बघा किती," म्हणाला.

२२ एप्रिल
रुंद लेन्स परत द्यायला निघाले होते. लेन्सवाला घेईल का, काय विचारेल, याचा विचार करत कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले. उगाच नुकसान कशाला.

३ मे
फोन आला. पलीकडच्या रस्त्यावरच्या इमारतीचे सेक्रेटरी, आपल्या सेक्रेटरींनी नंबर दिला म्हणे. त्यांच्याकडेही एक आहे, भलामोठा, केसाळ. स्वभावाने अगदी गरीब, तेवढं फक्त फोटोत दिसायला नको. "कुत्र्याला तुमच्याकडे पाठवू का?"
"नको," मी म्हटलं. "मीच येते. आधी आठवडाभर ओळख करून घ्यावी लागते."