सातव्या बॅचच्या करवंट्या

३ एप्रिल

पुन्हा दोन पॉइंट एक! आठवी बॅचही गेली. भट्टी तीच, तापमान तेच, आणि करवंट्या आमच्याच लालबागच्या खानावळीतल्या. मग सातवीलाच काय झालं होतं? तिच्या कोळशाने ग्रॅममागे चार पॉइंट सहा मिलिमोल कार्बन डायऑक्साइड धरून ठेवला होता. दुपटीहून जास्त! तीनदा मोजला. तिन्हीदा तेच.

आणि रघुवीर सरांनी तो आकडा परिषदेला पाठवूनही दिला. माझ्या गाइडना सगळ्याचीच घाई. आता २५ तारखेला समिती बसणार, आकडा पुन्हा काढून दाखवायचा. नाही निघाला तर फेलोशिपला मुदतवाढ नाही. पीएचडीची तीन वर्षं कोळशात.

५ एप्रिल

पप्पांनी विचारलं, "तू कोळसा करतंस, तो करता काय नेमका?" मी म्हटलं, त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. एका ग्रॅमातल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर आपल्या चाळीच्या सगळ्या खोल्या भरतील. वायू त्या भिंतींना चिकटून बसतो, आपल्याकडे गणपतीत पाहुणे टेकून बसतात तसा. तापवलं की उठून जातो.

पप्पा म्हणाले, "गिरणीच्यो चिमण्यो धूर सोडीत होत्यो तेव्हा खंय होतंस?"

मी तेव्हा जन्मलेही नव्हते!

९ एप्रिल

नववी — दोन. खाली खाली चाललेय.

१२ एप्रिल

लॅबमध्ये सौमित्र शेजारच्या टेबलावर असतो आणि त्याचं तोंड माझ्या टेबलावर. म्हणे, "यार, सातवीच्या दिवशी तू काय वेगळं केलंस ते आठव ना. कुठला ड्रेस, काय खाल्लंस, सगळं." मी त्याला झापलं.

आज निळा कुर्ता घालून गेले. डब्यात तेव्हासारखीच तिसऱ्यांची एकशिपी, शिंपल्यांचं सुकं, नेली. कुणाला सांगायची सोय नाही.

१३ एप्रिल

बकुळाआतेने माझ्या नावाने नारळ फोडला. "देवाक सांगलंय मी, पोरीचा काम होऊ दे." देवापुढची करवंटीही मी उचलली आणि दहाव्या बॅचमध्ये टाकली. विज्ञानाला काय, कुठलीही चालते.

१६ एप्रिल

दहावी — दोन पॉइंट एक. देवाची करवंटी धरूनसुद्धा.

एक मात्र खरं, घरात माझ्या कामाला मान मिळतोय. खानावळीच्या रोजच्या चाळीस डब्यांच्या धबडग्यात आते करवंट्या स्वतः घासते. तीनदा धुते, उकळत्या पाण्यातून काढते, गॅलरीत धुतलेल्या पंच्यावर वाळवते. काल शेजारच्या चंपाकाकूंनी त्यावर ओला टॉवेल टाकला तर केवढा तमाशा! "शिक्षणाचा सामान आसा ता!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्वी हीच बाई म्हणायची, कचरा कसला साठवतंस.

२१ एप्रिल

अकरावी. एक पॉइंट नऊ!! इतक्या स्वच्छ करवंट्या मुंबईत कुणाच्या नसतील, आणि आकडा हा.

२३ एप्रिल

सरांनी दार लावून घेतलं. "दर्शना, पुन्हा येत नाही तो आकडा नव्हे, अफवा असते." मग हळूच, "मनानेच मारलास का आकडा? मला खरं सांग."

मला! शाळेत दहावीच्या प्रॅक्टिकललाही मी शेजारणीचं बघितलं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन रडले. सौमित्रने बाहेरून विचारलं, "चहा आणू?" त्या गाढवाचाही आज राग आला नाही.

समितीला पत्र लिहिलंय. सातव्या बॅचचा निकाल मी मागे घेत आहे, कारण सांगता येत नाही. उद्या देणार.

२४ एप्रिल

सकाळी पप्पांना पत्र वाचून दाखवत होते. 'कारण सांगता येत नाही' ऐकलं आणि आते मसाल्याचं वाटप टाकून मोरीशीच मटकन बसली. रडायलाच लागली. "माका सांगूक येता गो! होळयेच्या टायमाक पापडखाराच्या पाण्याची बालदी माझ्या हातसून उपडी झाली, तुझ्या करवंट्यांवर. रातभर भिजल्यो. तश्योच वाळवून तुका दिलंय. तू आरडशीत म्हणान कोणाक बोलूक दिलंय नाय. पप्पांकपण शपथ घातलंय! तेव्हापासून तीन-तीनदा धुतंय गो, परत काय वाकडा होऊ नये म्हणान..."

पप्पा खिडकीबाहेर बघत होते.

खार! भट्टीत खार कोळशाला आतून पोखरतो, बारीक छिद्रं वाढवतो. पहिल्या वर्षाला शिकलेय मी हे. आणि माझी आते महिनाभर करवंट्यांना त्याचा कणही लागू देत नाहीये, माझ्या भल्यासाठी!

ती मान खाली घालून ओरडा खायला बसली होती. मी पत्र फाडलं, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पेन उघडलं.

"आते, बालदीत खार किती होता?"