‘तीरा’ला पाहून वळणारे मासे

सोइंतुला, मॅल्कम बेट,
रविवार, १ ऑगस्ट १९७६

चि. सायमीस अ. उ. आ.

काल आपल्या ‘तीरा’ बोटीवर दोन सॅमन आले, उरहोच्या बोटीवर एकेचाळीस. हे माझं रडगाणं नव्हे. धक्क्यावर मासळी उतरवून घेणाऱ्यानं सगळ्यांदेखत मोजून सांगितलं. पाणी तेच, खोली तीच, गळही त्याच जातीचे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच काय ते आमच्या बोटींत अंतर.

मासे नाहीत असं नाही. पाणी नितळ होतं, म्हणून मी मागच्या कठड्याला उभा राहून पाहत होतो. कोहो सॅमन म्हणजे उनाड कार्टं. बोटीच्या पंख्याचा फेस दिसला की काय आहे बघायला धावत येतो, हे बाबांनी तुला-मला दाखवलेलं आठवत असेल. काल ते तसेच धावत आले आणि गळांच्या तारांपासून तीन हातांवर थबकून मागे वळले. भिंत लागावी तसे. अख्खा हंगाम हेच चाललं आहे.

माझ्या बोटीला कुणीतरी काहीतरी केलं आहे, सायमी. कुणी, तेही मला ठाऊक आहे. सोमवारी दुकानातून लवकर धक्क्यावर परतलो, तर उरहो माझ्या कठड्यावर ओणवा, हातात एक तार, तिचं टोक पाण्यात. मला पाहताच तार खिशात कोंबली आणि विचारतो काय, तर कॉफी उरली आहे का! बाबा गेले तेव्हा ‘तीरा’ विकायची झाली तर आधी मला सांग, असं हाच म्हणाला होता. आता जुळव तूच. काल शनिवारच्या सौनाला, वाफेच्या न्हाणीला, त्याला बोलावलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याला तर ती मिळणार नाहीच. पोर्ट हार्डीचा एक जण १४ तारखेला बोट बघायला येतो आहे. पटलं तर त्याच दिवशी सही करून मोकळा होतो. मासे पळवणारी बोट ठेवून करू काय? वसंतात तू येऊन इतक्या मायेनं तिचा तळ रंगवलास, त्याचं तेवढं वाईट वाटतं.

तुझा,
विल्यो

व्हँकुव्हर,
गुरुवार, ५ ऑगस्ट

ती. विल्योदादास सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. माशांचं नंतर, आधी सांग, उरहोकाकांच्या नावातला ‘काका’ कुठे गेला? बाबांची बोट बुडता बुडता ज्यांनी ओढून आणली, ते एका तारेसाठी नुसते ‘उरहो’ झाले?

लहानपणी ओढ्यात आपण ट्राउट माशामागे लागायचो. होडीची सावली पडली, वल्हं जरा खरवडलं, की तो दगडाखाली शिरायचा आणि दिवसभर बाहेर यायचा नाही. तू त्याचाच सख्खा भाऊ. कुणाची सावली पडली की दगडाखाली!

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. ती तार कसली? आणि तार चोरून पाण्यात सोडायची तर भर दिवसा, धक्क्यावर, सगळ्यांसमोर कशी? तू त्यांना सरळ विचारलंस का? नसशील. मी ओळखते तुला.

दादा, ‘तीरा’ विकू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. समुद्रावर तू जातोस, मी नाही. पण बाबांचा हात लागलेली तेवढीच एक गोष्ट बेटावर उरली आहे. विकलीसच, तर त्या माणसाला सांग की तळाचा रंग नवाकोरा आहे. तू पाठ धरून घरी पडला होतास, म्हणून मी बोटभर जागाही सोडली नाही. सुकाणूजवळचे ते चार करडे ठोकळे तर असे ओबडधोबड दिसत होते की त्यांना लाल रंगाचे दोन हात जास्तच दिले.

या पत्राचा राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सायमी

सोइंतुला,
मंगळवार, १० ऑगस्ट

चि. सायमीस आशीर्वाद; या खेपेला अर्धेच.

ठोकळ्यांची ओळ मी दुकानात, टपाल घेतलं तिथेच, उभ्यानं तीनदा वाचली. अगं, ते जस्ताचे ठोकळे! ते उघडेच ठेवायचे असतात. खाऱ्या पाण्यात ते झिजतात म्हणून बाकीचं लोखंड टिकतं, आणि बोटीभोवती पाण्यात जी बारीकशी वीज खेळते तीही त्यांच्यामुळेच. रंगानं ते झाकले की ती बिघडते; माणसाला पत्ता लागत नाही, सॅमनला लागतो, असं इथले सगळे मानतात. दर वर्षी तळ मीच रंगवतो, म्हणून हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. खिडकीची काच रंगवू नकोस, असं कुणी कुणाला सांगतं का?

मान खाली घालून उरहोकाकांकडे गेलो. त्यांनी दारातच उभं केलं, कॉफीचं नाव नाही. ती तार वीज मोजायच्या यंत्राची होती. ‘तीरा’ची वीज बिघडलेली दिसली, पण मला सांगायच्या आधी त्यांना खात्री करून घ्यायची होती, कारण ‘तुझा बाप कुणाचं ऐकायचा नाही आणि तू त्याच्याही वरताण,’ असं मला म्हणाले. मग मी सौनाला बोलावलं नाही, तेव्हा त्यांनीही तोंड शिवलं. बाबा गेले तेव्हा त्यांनी बोट का मागितली होती, तेही मी विचारलं. ती बेटाबाहेर जाऊ नये म्हणून, एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

काल मात्र निरोप आला. गुरुवारी सकाळी साडेआठला मोठी ओहोटी आहे. ‘तीरा’ धक्क्याजवळच्या ओंडक्यांवर कोरडी बसेल आणि पाणी परत चढायच्या आत चारही ठोकळे खरवडायचे. काका स्वतःचा तारेचा ब्रश आणणार आहेत. माझ्या ब्रशवर भरवसा नाही म्हणे. शुक्रवारी दोन्ही बोटी पुन्हा त्याच पाण्यात. कोहोनं तारेपर्यंत येऊन तोंड उघडलं, तर शनिवारी पोर्ट हार्डीच्या पाहुण्याला कॉफी पाजून त्याच फेरीनं परत लावतो. नाही उघडलं, तर सही.

काहीही झालं तरी शनिवारी सौना तापेलच. काकांना बोलावलं आहे. येतो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी तिघांपुरती लाकडं फोडून ठेवली आहेत. शनिवारी तूही ये.

लोभ आहेच; रंगाचा डबा मात्र आणू नकोस.

तुझा,
विल्योदादा