भगवंतरावांनी स्वतःवर लावून घेतलेला दावा

४ सप्टेंबर १९६१, सोमवार

सतरा डिसेंबरला खामगावला वकिलांचा मेळावा. आमच्या नारायणराव वकिलांनी भाषण द्यायचं कबूल केलं आणि विषयाचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला — ‘वकिलीच्या निरनिराळ्या शाखांतील नवे प्रवाह’. म्हणाले, "मुन्शी, तुम्ही लिहून काढा. मी जाताना मोटारीत वाचीन."

सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखाली मुन्शी आहे. एका दाव्याची मुदत चुकू दिली नाही. भाषणाचीही चुकणार नाही. फक्त प्रवाह कुठून आणायचे ते पाहायचं.

७ सप्टेंबर

प्रवाह शोधायला कुठं जायची गरज नाही. ते आमच्या ओसरीवरच बसलेले असतात, पान खात.

जमीन-धारणेच्या मर्यादेचा कायदा मंजूर झाला, नव्या वर्षात लागू होणार म्हणतात. तेव्हापासून मेहकर तालुक्यात भाऊबंदकी अचानक वाढली आहे. एका ताटात जेवणारे भाऊ बैलांच्या एकाच दमणीतून येतात, एकमेकांवर वाटणीचा दावा लावतात आणि त्याच दमणीतून परत जातात. गादीवरून कधी न उतरलेले लोक कूळकायद्यामुळे शपथेवर सांगतात, मी स्वतः वखर हाकतो. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे येतो. निवडून आलेला शेजारच्या वकिलाकडे जातो. दुसरबीडच्या रस्त्यावर ट्रकखाली बैल मेला तर पूर्वी लोक नशिबाला बोल लावायचे, आता ट्रकचा नंबर लिहून आणतात.

हिंदू बायकांचे नवे कायदे — वारसा, पोटगी, वेगळं राहण्याचा हक्क. ह्यावर मी दोन पानं लिहिली. नारायणरावांनी अर्ध्या पानावर आणली. "बायका कोर्टात येतात कुठं, मुन्शी?"

१२ सप्टेंबर

दुसरबीडकडचे भगवंतराव आले. मोठे जमीनदार, आवाजही तसाच. मर्यादेच्या वर चाळीस एकर निघतात. ते सरकारात जाणार.

"वाटणी दाखवा," नारायणराव म्हणाले.

"कोणासंगं? पोरगा नाई मले."

"मुलगी?"

"तिच्या नावानं केलं तं जावई येते मधात. तो जालन्याचा. त्याच्यापेक्षा सरकार बरं."

बायकोला बक्षीसपत्र करून दिलं तर कलेक्टर कचेरी हसेल. मग नारायणराव टेकून बसले, डोळे मिटले. डोळे मिटले की त्यांना युक्ती सुचते. बाकी वेळी झोप लागते. आज युक्ती सुचली.

बायकोनं नवऱ्यावर पोटगीचा दावा लावायचा. नवऱ्यानं सगळं कबूल करायचं. तडजोड — पोटगीपोटी चाळीस एकर बायकोला. कोर्टाचाच हुकूम म्हटल्यावर त्याला बनाव कोण म्हणणार?

"म्हंजे माह्या बायकोनं मले कोर्टात उभं करायचं?"

"कागदावर."

भगवंतराव खूप हसले. "करू द्या. तिले काय समजते त्यातलं."

दावा चालेपर्यंत तिनं वेगळं राहिलेलं दिसलं पाहिजे. हिवरा आश्रम या गावी तिचा भाऊ आहे, किसनराव. तिथं धाडणार.

मी भाषणात एक ओळ वाढवली: ‘सुखी जोडप्यांचे दावे — नवा प्रवाह.’ नंतर खोडली.

२० सप्टेंबर

अन्नपूर्णाबाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, डोक्यावर पदर, बसायला सांगितलं तरी उभ्या. किसनराव बाहेर विडी ओढत बसला.

छळाचा मजकूर माझ्याकडे तयार असतो. मारझोड, उपाशी ठेवणे, घराबाहेर काढणे. नाव बदलायचं फक्त. मी वाचून दाखवला.

"त्याईनं मले कधी बोट लावलं नाई," बाई म्हणाल्या. "खोटं काऊन लिवता?"

"बाई, दावाच तसा आहे."

"मंग मी सांगते ते लिवा."

आणि बसल्या. एक तास बोलल्या. आवाज चढला नाही की डोळ्याला पदर नाही.

तेरा वर्षांमागं, मृगाची पेरणी चालू असताना, मोताळ्याकडून त्यांच्या आईच्या आजाराचं कार्ड आलं. जास्त आहे, येऊन जा. भगवंतरावांनी कार्ड वाचलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. अकरा दिवस. पेरणी आटोपल्यावर दिलं. "मी गेली तं तेरवीचे गहू निवडणं चालू होतं."

विहिरीजवळ बाईंनी लिंबाची सात झाडं लावली, डोक्यावरून पाणी वाहून वाढवली. फळाला आली त्या वर्षी भगवंतरावांनी तोडली. कपाशीवर सावली पडते म्हणून. बाई माहेरी गेल्या असताना.

"आन् पोळ्याचं लिवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैलाईच्या खांद्याले लोणी लावतात, उद्या जेवाले या म्हणतात. मले एकतीस वर्षात कोणी म्हन्लं नाई, तू जेवली का."

"हे कोर्टात बसत नाही, बाई."

"बसवा. तुमचं काम ते."

मी बसवलं. कलम चार, पाच, सहा. तारखा, वार, झाडांची संख्या. पढवलेला साक्षीदार इतकं चोख बोलत नाही.

२१ सप्टेंबर

नारायणरावांनी दावा वाचला. "वा! ते कार्डाचं कुठून सुचलं हो? तुम्ही कादंबऱ्या लिहायला हव्या होत्या."

मी कागद फायलीत लावले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं.

३ ऑक्टोबर

दावा दाखल. वकीलपत्रावर बाईंच्या बाजूनं शेजारच्या वकिलाची सही, मजकूर आमचाच.

१६ ऑक्टोबर

भगवंतराव लेखी जबाबावर सही करायला आले. दावा वाचून दाखवू का, विचारलं. "काय वाचता, मुन्शीजी? खोटंच तं आहे." सही ठोकली आणि घरच्या स्वयंपाकाची तक्रार करत बसले. शेजारीण करून देते, तिच्या भाकरीला काठ नसतो. बाई कधी परत येणार ते दोनदा विचारलं.

तडजोडीत कोणते चाळीस एकर द्यायचे? बाईंचा निरोप आला होता — विहिरीचं वावर.

"घेऊ द्या. कुठं जाते ते वावर घेऊन?"

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सुनावणी. तडजोड असली की पाच मिनिटांचं काम. पण जज्जसाहेब नवे, पुण्याकडचे, तरुण. त्यांना प्रत्येक कागद वाचायची सवय आहे. म्हणाले, प्रतिवादीनं काय कबूल केलंय ते त्याला समजलंय का, हे मला पाहिलं पाहिजे. आणि एकेक कलम मोठ्यानं वाचू लागले.

भगवंतराव पिंजऱ्यात, जरीचा फेटा बांधून. बाकांवर गावची पंधरावीस माणसं, तमाशा पाहायला आलेली. पहिली तीन कलमं लग्नाची, वतनाची. "कबूल." "कबूल." चौथं — लिंबाची झाडं. भगवंतरावांनी मान वर केली. "कबूल." मागं कोणी तरी खिदळलं.

पाचवं कार्डाचं. पुणेरी उच्चारात, शांतपणे, अकरा दिवस वगैरे. 

"कबूल आहे का?"

भगवंतराव बाईंकडे पाहत होते. बाई भिंतीकडे.

"प्रतिवादी, कबूल आहे का?"

नारायणराव खोकले. मी टाकाला शाई लावली, आधीच लावलेली असताना.

"कबूल," भगवंतराव म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

सहावं कलम वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. हुकूम झाला. चाळीस एकर अन्नपूर्णाबाईंना.

बाहेर आल्यावर नारायणरावांनी पेढे मागवले. भगवंतरावांनी घेतला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "ते कारटाचं तुमाले कोणी सांगतलं?"

सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "दाव्यात काही तरी लिहावं लागतं."

"हाव," म्हणाले आणि दमणीकडे गेले.

९ डिसेंबर

भाषण पुरं करायला बसलो. बायकांच्या अर्ध्या पानासाठी वारसा कायदा उघडला. कलम चौदा. जुन्या रीतीनं पोटगीची, चोळीबांगडीची जमीन बाईच्या हयातीपुरती. ती गेली की परत घराण्यात. नव्या कायद्यानं तसं राहिलं नाही. पोटगीपोटी मिळालेली जमीनही तिच्या पूर्ण मालकीची. विको, दान करो.

दोनदा वाचलं. मग हुकूमनामा काढला. ‘हयातीपुरती’ हा शब्द त्यात कुठंही नाही. मसुदा माझा.

नारायणरावांना दाखवलं. त्यांनी कलमावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "भाषणात हा मुद्दा चांगला आहे. ठेवा."

१७ डिसेंबर, रविवार

खामगाव. टाळ्या बऱ्याच पडल्या. कलम चौदाच्या मुद्द्याला विशेष. अकोल्याच्या एका वकिलानं विचारलं, असं प्रत्यक्षात घडलेलं उदाहरण आहे का? नारायणराव म्हणाले, "अजून तरी पाहण्यात नाही."

३ जानेवारी १९६२

भगवंतराव हिवऱ्याला बाईंना आणायला गेले होते — म्हणजे दमणी पाठवली होती, स्वतः नाही. दमणी रिकामी परतली. बाई तिथं नाहीत. विहिरीच्या वावरात कुडाची खोली बांधून राहतात. भाऊ किसनराव शेतीचं पाहतो.

"तिले सांगा, खटला खतम झाला म्हणून," भगवंतराव नारायणरावांना म्हणाले. "कागदावरचं होतं म्हणा."

मलाच धाडायचं ठरलं. मसुदा माझा होता ना.

७ जानेवारी, रविवार

गेलो. खोलीसमोर सारवलेलं अंगण. बाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. मी निरोप सांगितला.

"कागदावरचं होतं, असं म्हन्ले ते?"

"हो."

"मुन्शीजी, तुमी लिवलं ते खोटं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बाईंनी गुळाची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "मले जमीन काय करायची? मी येते घरी. पण दमणी नको पाठवा. त्याईनं सोता यावं. कोर्टात कबूल म्हन्ले ते कोर्टाले म्हन्ले. मले म्हणावं एक खेप. मी त्याच दिवशी निंगते."

८ जानेवारी

निरोप शब्दाला शब्द सांगितला. कार्डाची गोष्ट बाईंनी सांगितली, मी रचली नव्हती, हेही सांगितलं. भगवंतराव उठलेच. "आत्ता जातो."

"बसा," नारायणराव म्हणाले.

आणि समजावलं. कायदा सव्वीस तारखेला लागू होतोय. मग जमिनीचं विवरणपत्र, मग चौकशी. चौकशी होईपर्यंत बाई घरात दिसल्या, नुसते बोलताना दिसलात तरी, तहसीलदार म्हणेल दावा बनावट. चाळीस एकर पुन्हा तुमच्या नावावर धरतील आणि सरकारात जमा.

"किती दिवस?"

"वर्ष. दोनही लागतील."

भगवंतराव बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"ते वावर आता कायद्यानं बाईंचंच आहे," मी म्हटलं. "सरकारपासून वाचलं तरी तुमचं नाही. तुम्ही जावं."

नारायणरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुदतीची वही उघडली.

"चाळीस एकर हायेत हो, मुन्शीजी," भगवंतराव म्हणाले. "बापजाद्याचे."

१५ जानेवारी

संक्रांत काल झाली. भगवंतराव गेले नाहीत.

२ फेब्रुवारी

किसनराव दुसऱ्या कामानं आला होता. बाई रोज दुपारी वाटेकडे तोंड करून बसायच्या, आता बसत नाहीत म्हणाला. विहिरीला मोट लावली.

१९ मार्च

भगवंतरावांचं विवरणपत्र भरलं. मर्यादेत बरोबर बसलं, गुंठाही जास्त नाही. तिसरा रकाना: कुटुंबातील माणसे. मी टाक थांबवला, म्हटलं विचार करा, उद्याही भरता येईल, मुदत आहे.

भगवंतराव खिडकीकडे पाहत होते.

"लिवा," म्हणाले. "एक."