पुरून ठेवलेलं पाणी

८ जून
शेवटी निघालो एकदाचे. वेंडेलला नेवाडाच्या वाळवंटात सायकलवर भटकायची हौस, आणि लग्नाला अजून वर्षही झालं नाही म्हणून मला त्याची. ओझं नको म्हणून त्याने दोघांच्या टूथब्रशचे दांडे करवतीने कापले. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, मला बघवेना. पाणी गाळायचं यंत्र, शेगडी, भांडी सगळं घरी. पाण्याचे कॅन तो गेल्या महिन्यातच ट्रकने येऊन वाटेत पुरून गेलाय.

खोऱ्याच्या तोंडाशी म्हातारी इडा गुरं पाळते. तिने पोटभर खाऊ घातलं आणि वेंडेलला ऐकवलं, की ब्रशपेक्षा ढेरी कापली असतीस तर बरंच वजन वाचलं असतं. मला मात्र बजावलं, पोरी, यंदा किडे आलेत, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. आम्ही हसत निघालो.

९ जून
शी. रस्ताभर अंगठ्याएवढे बिनपंखी रातकिडे. चाकाखाली फुटतात, फुटलेल्यांना मागचे खातात, मग तेही चिरडतात. साखळीत लगदा, पोटऱ्यांवर लगदा, सडक्या कोळंबीचा वास.

दुपारी कॅन उकरले. झाकणं कुरतडलेली, आत किडे फुगून तरंगत होते आणि केसांसारखे लांब काळे धागे वळवळत होते. वेंडेल म्हणाला, रुमालातून गाळून पिऊ, नाहीतर हमरस्त्याकडच्या खिंडीपर्यंत जिवंत पोचणार नाही. नाक दाबून प्यायलो. मी ओकले, मग पुन्हा प्यायले.

१० जून
वेंडेलने तोंड धुतलेलं पाणी खळग्यात साचलं. एक किडा धावत आला आणि त्यात उडी मारून पाय ताणून पडला. त्याच्या ढुंगणातून काळा धागा निघू लागला, निघतच राहिला. किड्याला पाण्यापर्यंत त्या धाग्यानेच आणलं होतं.

वेंडेल टक लावून बघत होता. मग म्हणाला, खाली खोऱ्यातल्या तळ्यावर जाऊ. अरे, ते नुसतं मिठाचं पाणी आहे, खिंड वर आहे, मी म्हटलं. त्याला तहान लागलेली नव्हती. फक्त जायचं होतं.

११ जून
ओढत ओढत त्याला खिंडीच्या पायथ्याशी आणलंय. सारखा मागे वळून बघतो. तोंडाला घाण वास येत होता म्हणून त्याचे दात मीच घासले. जीभ उचल म्हटलं. जिभेखालून काहीतरी सरकन आत गेलं. आता त्याचा हात माझ्या हाताला पट्ट्याने बांधलाय. याला इथे सोडून मी जाणार नाही.

१२ जून
पट्टा चावून तोडलेला —
तळ्यात पालथा पडलाय. पाणी गुडघाभरही नाही. हाका मारल्या. भोवतीचं पाणी काळं, वळवळतं — हात लावायची किळस आली मला. माझ्याच नवऱ्याला.
परत चढतेय.

१३ जून
खिंडीत पोचले. पलीकडे हमरस्ता, ट्रकचे आवाज येताहेत. नुसता उतार, पायडलही मारायला नको.
दात घासले नाहीत. आरशात बघायचं नाही —
सायकलचं तोंड खोऱ्याकडे आहे. कुणी वळवली — मीच.
तळं किती छान चमकतंय. तहान नाहीये मला. नुसते जरा पाय भिजवून