फर्नखालची गोगलगाय

केल्डथॉर्प,
मंगळवार, १४ मे १९९६

आदरणीय म्युरिअलताईंना क्लेमंटचा मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? रविवारी विचारायचं राहून गेलं, कारण मी होतो तेवढा वेळ तुम्ही उभ्याच होतात, आणि उभ्या माणसाला गुडघ्यांबद्दल विचारणं मला बरं दिसेना. माझं ठीक चाललं आहे. वेळेवर जेवतो, गुरुवारी चर्चच्या घंटा वाजवायला जातो, आणि तुम्ही बांधून दिलेला शहाजिऱ्याचा केक आज सकाळी संपला (अर्धा मी खाल्ला, अर्धा पोस्टमनने. एनिड होती तेव्हापासून तो रोज आत येऊन बसतो आणि आता त्याला काय सांगून थांबवावं ते मला सुचत नाही).

पत्र लिहिण्याचं कारण रविवारचंच आहे. तुम्ही स्वयंपाकघरातून चहाची किटली घेऊन बाहेर आलात तेव्हा मी तुमच्या गालिच्यावर उताणा पडलो होतो, डोकं फर्नच्या कुंडीच्या स्टुलाखाली होतं आणि माझं सगळं अंग हलत होतं. तुम्ही किटली खाली ठेवलीत, माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "रडून घे, क्लेमंट. इथे कोण बघतंय?" तुमच्या बहिणीशी लग्न झाल्यापासूनच्या चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही माझ्याशी इतक्या मायेनं बोलल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी तसाच पडून राहिलो. पण ताई, मी रडत नव्हतो. मी हसत होतो. नोव्हेंबरात एनिड गेली त्यानंतर पहिल्यांदाच. हे तुमच्यापासून लपवून ठेवणं बरोबर नाही, आणि समजावून सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

तुम्ही माझ्यासाठी तुमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात. जूनअखेर तिथे यायचं आणि त्याआधी घरातलं ओकच्या लाकडाचं सगळं सामान लिलावात द्यायचं, असं ठरलं (म्हणजे तुम्ही ठरवलंत आणि मी मान हलवली. तुमच्यासमोर मला दुसरं काही करता येत नाही, हे एनिडलाही ठाऊक होतं). "ती धुडं आता पुसणार कोण?" असं तुम्ही म्हणालात. म्हणून गेल्या महिन्यात मी यॉर्कच्या लिलाववाल्यांना पत्र टाकलं.

हार्करच्या सामानाचं वेड मला कसं लागलं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे, पण सुरुवात कदाचित माहीत नसेल. एल्बर्ट हार्कर शेजारच्या खोऱ्यातला सुतार. सगळं हातानं करायचा, यंत्राला शिवायचा नाही, खिळ्याच्या जागी लाकडी खुंट्या. फळी वाकसाने तासायचा, त्यामुळे त्याच्या टेबलावरून हात फिरवला की वाऱ्याने हललेल्या तळ्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. आणि प्रत्येक वस्तूवर कुठेतरी, सहज दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याएवढी एक गोगलगाय कोरायचा. एकसष्ट साली एका बंद पडलेल्या चॅपलच्या लिलावात मी एक खुर्ची घेतली आणि घरी आणताना वाटेत गाडी थांबवून तिच्या पाठीमागच्या पट्टीवर गोगलगाय शोधून काढली. उरलेल्या रस्त्यात मी गाणं म्हटलं. एनिडने विणकाम थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याआधी तिने मला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं एकही गोगलगाय मिळाली नाही. शेतावरचे लिलाव झाले, पाद्र्यांच्या घरचे झाले, लंडनचे व्यापारी सगळं उचलून न्यायला लागले. मी टॉर्च घेऊन दिसेल त्या टेबलाखाली शिरायचो. सोअर्बींच्या लग्नात मुख्य टेबलाखाली शिरलो तेव्हा नवरीच्या मावशीने जी किंकाळी फोडली ती तुमच्या लक्षात असेलच (तुम्हीच तेव्हा सगळ्यांना सांगितलंत की मला फिट येते. त्या खुलाशामुळे पुढची दोन वर्षं लोक मला जिना चढू देत नव्हते). मी रिकाम्या हाताने घरी यायचो आणि गप्प बसायचो. एनिड म्हणायची, "क्लेम, तू नेहमीच गप्प असतोस रे, पण हे गप्प बसणं निराळं आहे."

मग चौसष्ट साली तिने बूट ठेवायला म्हणून कुठल्याशा शेतावरून एक साधा बाक आणला. महिन्याभराने मला म्हणाली, "अरे, त्या बाकाखाली हाताला काहीतरी खडबडीत लागतंय, बघतोस का?" मी बघितलं. गोगलगाय! आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एनिड कुठून तरी स्वस्तात ओकचं काहीतरी आणायची, ते महिना-दोन महिने शेडमध्ये पडून असायचं, आणि घरात आलं की मी त्याच्याखाली शिरून ओरडायचो. उंच पाठीचा तो मोठा बाक दारातून येईना म्हणून आपण खिडकी काढली होती आणि तुम्ही बाहेर उभ्या राहून चौघा माणसांना हुकूम देत होतात, तोही त्यातलाच. एकतीस वर्षांत घरात त्या खुर्चीशिवाय अकरा नग झाले आणि बारावं तुमचं स्टूल. लोक माझ्याबद्दल म्हणायला लागले, मेटकाफची नजर म्हणजे नजर. महिला मंडळाने मला 'खरी हार्कर गोगलगाय कशी ओळखावी' या विषयावर बोलायला बोलावलं. मी पाऊण तास बोललो. मागे चहाच्या टेबलापाशी एनिडला असा ठसका लागला की तिला बाहेर न्यावं लागलं. घरी येताना मी तिला खोकल्याचं औषध घेऊन दिलं. तिने ते घेतलंसुद्धा.

आता लिलाववाल्या बाईंकडे येतो. मिसेस फॉदरगिल नाव त्यांचं. बूट काढून, गुडघ्याला पट्टे बांधून आल्या होत्या. प्रत्येक नगाला सुतळीने चिठ्ठी बांधायची म्हणून त्यांनी कात्री मागितली. मी एनिडची दिली. ती काही केल्या कापेना. "अहो, ही डावखुऱ्या माणसाची कात्री आहे," असं म्हणून त्यांनी सुतळी दातांनी तोडली आणि त्या जेवणाच्या टेबलाखाली गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी वर बसून त्यांच्या मोज्यांकडे बघत होतो.

"मिस्टर मेटकाफ, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला ना."

"ही गोगलगाय उलटी आहे हो."

"उलटी म्हणजे?"

"हार्करच्या गोगलगायीचं वेटोळं उजवीकडे वळतं. नेहमीच. ही बया डावीकडे निघाली आहे."

"रस्ता चुकली असेल," मी म्हणालो. मला एवढंच सुचलं.

मग त्या बाकाखाली गेल्या, भांड्यांच्या कपाटामागे गेल्या, पलंगाखाली गेल्या. प्रत्येक ठिकाणाहून "हीपण!" असं ऐकू यायचं. अकराच्या अकरा! एका गोगलगायीला त्यांनी नाक लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. "चहा," त्या म्हणाल्या. "जुनं दिसावं म्हणून वर चहा चोळलाय." खरा नग घरात एकच निघाला, तो म्हणजे ती चॅपलमधली पहिली खुर्ची, जिच्यावर मी रात्री पँट टाकतो. बाकी सगळं कुणा कुणा गावठी सुतारांचं साधं काम, लिलावात नेण्याजोगं नाही. जाताना त्या दारात थांबल्या. "पण कोरणाऱ्याचा हात चांगला होता हं. शेवटच्या दोन तर मी हार्करच्यापेक्षा वर धरीन. कोण होता, काही कल्पना?"

कात्री माझ्या हातातच होती. मी म्हणालो, "डावखुरी होती." त्या चहा न घेताच गेल्या.

मग मी शेडमध्ये गेलो. सहा महिने त्या बाजूला फिरकलो नव्हतो. जिरेनियमच्या कुंड्यांमागे, एकोणसत्तर साली चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकलं असं समजून मी एनिडशी दोन दिवस बोललो नव्हतो ते माझं जाकीट होतं, आणि त्यात गुंडाळलेल्या सहा पटाश्या. शेजारी एक फळी. फळीवर ओळीने चाळिसेक गोगलगायी. पहिल्या पहिल्या बेदाण्याच्या पावासारख्या, मग हळूहळू शिंगं फुटलेल्या, मग अशा की बोट लावलं तर आत जातील. मी गुरुवारी घंटा वाजवायला गेलो की ती जिरेनियम लावायची. परत आलो की तिच्या केसांत लाकडाच्या ढलप्या असायच्या. इतकी वर्षं मी त्या बघितल्या, ताई, आणि जिरेनियमला ढलप्या लागतात असं समजत राहिलो.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. फळीच्या कोपऱ्यात एक गोगलगाय उजवीकडे वळायला निघाली होती आणि मध्येच पटाशी सटकून तिचा सत्यानाश झाला होता. त्यावर एनिडने फुली मारली होती. म्हणजे तिला माहीत होतं. शाळेत बाईंनी तिचा डावा हात पाठीशी बांधला होता, आणि तुम्ही जाऊन बाईंशी भांडून तो सोडवून आणला होतात, ही गोष्ट तिने मला शंभरदा सांगितली असेल. त्या हातातून गोगलगाय डावीकडेच जाणार, हे तिला कळत होतं. आणि मी, ज्याची नजर म्हणजे नजर, कधीतरी ओळखीन म्हणून ती एकतीस वर्षं वाट पाहत होती.

मग रविवारी तुमच्याकडे आलो तो एकच गोष्ट बघायला. तुमच्या साठीला दिलेल्या त्या स्टुलाच्या पायाच्या आतल्या बाजूची गोगलगाय मीच शोधली होती. मी ओरडल्याबरोबर एनिड म्हणाली, "हे म्युरिअलचं." त्यावर मी वर्षभर नाराज होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. तुम्ही बावीस वर्षं त्यावर कुणाला टेकू दिलं नाहीत, विम्याच्या कागदात त्याचा उल्लेख केलात, पाद्र्यांना वाकवून वाकवून दाखवलंत. तुम्ही चहा करायला आत गेलात आणि मी खाली शिरलो.

डावीकडे, ताई. ठार डावीकडे.

रागावू नका. आणि रागावणारच असाल तर त्यातच हेही ऐकून घ्या, म्हणजे एकदाच होईल. त्या दोन खोल्या कृपा करून दुसऱ्या कुणाला द्या. खिडकीतून आलेला बाक दोन खोल्यांत मावणार नाही, विकत त्याला कुणी घेणार नाही, आणि त्याला सोडून मला येता येणार नाही. पुसायचं काम मी शिकतो आहे. तुम्ही माझ्यासाठी एवढी धावपळ केलीत आणि मी तोंडावर नाही म्हणू शकलो नाही, म्हणून पत्रातून म्हणतो आहे. गुडघ्यांना गरम कपडा बांधत जा.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून),
क्लेमंट

ता. क. खरं मागणं वर लिहायचं धाडस झालं नाही. ते स्टूल मला द्याल का? बदल्यात ती चॅपलची खुर्ची घ्या. ती अस्सल आहे, मिसेस फॉदरगिलनी तसं लिहून दिलं आहे आणि तो कागद पाद्र्यांना दाखवता येईल. मला तिचा उपयोग नाही. तिच्या गोगलगायीत एनिडचं काही नाही. (पँट मी दुसरीकडे टाकीन.)

ता. क. दुसरा. बुधवार. काल पाकीट चिकटवलं नाही ते बरं झालं. वरचं मागणं मी परत घेतो. मी ज्याला हसत होतो ती गोगलगाय नव्हती. गोगलगाय दिसली की पुढे काही बघायचं नाही ही माझी जुनी सवय, म्हणून बावीस वर्षांपूर्वी मी नुसता पाय बघितला. रविवारी उताणा होतो म्हणून वरची फळी दिसली. बसायच्या फळीच्या खालच्या बाजूला, तिच्या डाव्या हाताच्या अक्षरात कोरलं आहे: 'म्युरिअल, बस ना गं आता.' तुम्ही 'रडून घे' म्हणालात तेव्हा मी हे दुसऱ्यांदा वाचत होतो, आणि मग तुम्ही म्हणत होतात तेच झालं. शेवटच्या तीन आठवड्यांत तुम्ही तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होतात तेव्हाही ती मला हेच म्हणायची, "तिला बसव रे, क्लेम." मला ते जमलं नाही. ज्यावर तुमचं नाव आहे ते मी मागू नये. फक्त ती कुंडी खाली ठेवा.

ता. क. तिसरा. बसताना खिडकीला धरून बसा. ते जरा डगमगतं.