औषधखोलीचं कुलूप

११ फेब्रु. ६८, रवि.
डॉक्टर परवा संध्याकाळी जीप घेऊन शिरपूरला गेले ते गेलेच. जाताना औषधखोलीला कुलूप. मी इथली एकटी नर्स, मला शब्दानं बोलले नाहीत. पंचायतीच्या निवडणुकीवरून वरली आळी नि खालची आळी पेटल्या, घरं जळली. सरपंच नाही, तलाठी नाही. पोलीस नाल्याच्या पुलापलीकडे. आत येत नाहीत, कुणाला बाहेर सोडत नाहीत.
ह्यांच्या तळपायात खिळा घुसला, त्याच दिवशी, जळत्या घरातून एका म्हातारीला काढताना. धनुर्वाताचं इंजेक्शन कुलपाआड, रॉकेलच्या फ्रिजमध्ये. कुलूप तोडण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज लिहून पुलावरच्या जमादाराला दिला. त्यानं घडी करून खिशात घातला.

१३ फेब्रु.
उत्तर नाही. आज पहारीनं कडी उचकटली. वरल्या आळीचे नाना नि खालच्या आळीची सुईण अक्का, दोघांना समोर उभं केलं. उद्या एकमेकांवर चोरीचा आळ नको. फ्रिजचा दिवा कधीच विझलेला, कुप्या कोमट. तरी ह्यांना टोचलं. म्हणाले, शाळा बंदच आहे, मास्तर पडून राहिला तर कुणाचं बिघडलं.

१६ फेब्रु.
सांगणारं कुणी नाही म्हणून मीच सांगायला लागले. काठी, विळा दवाखान्याच्या दाराबाहेर. विहिरीवर एक दिवस वरली आळी, एक दिवस खालची. दारात पाळीनं नाना नि अक्का. काल वरल्या आळीतल्या एकानं खालच्या जखमीला बाहेर काढा म्हटलं. नानांनी त्यालाच हाताला धरून बाहेर नेलं. "हाई दवाखाना बठ्ठासना शे," सगळ्यांचा आहे, एवढंच बोलले. लोक ऐकतात. का ऐकतात कळत नाही.

२० फेब्रु.
ह्यांची दातखीळ. चमचाभर पाणी आत जाईना. खोली अंधारी केली, दाराला गोधडी लावली. जराशा आवाजानं अंग ताठतं. अक्का उशाशी बसून आहे, घरी गेलेली नाही. मला बाहेर टाके घालायला बोलावलं, गेले. हात चालत होते.

२२ फेब्रु.
गेले. उजाडताना.
खांद्याला दोन्ही आळ्यांची माणसं होती.

२८ फेब्रु.
खालच्या आळीत जुलाब. पाणी उकळून प्या म्हणून मी नि अक्का घरोघर फिरलो. दुपारी वेगळी वही काढून डॉ.चं लिहायला घेतलं. केव्हा गेले, काय बंद करून गेले, कोण कोण तडफडलं. नावनिशीवार. नुसती नोकरी गेली तर माझं समाधान नाही. त्यांच्या पायात खिळा जावा, औषध हाताच्या अंतरावर असावं, आणि मधे दार. हे लिहिलंय, खोडणार नाही.

९ मार्च
पोलीस आत आले. तहसीलदार आले. मागून डॉक्टर, इस्त्रीच्या शर्टात. ह्यांचं कळलं, वाईट झालं, म्हणाले. मग कडी बघत राहिले. सरकारी दार तुम्ही तोडलंत का, विचारलं. मी म्हटलं, तोडलं. तेव्हा खालच्या आवाजात, "किल्ल्या मी अक्कांकडे देऊन गेलो होतो. तुम्ही त्या वेळी त्या जळल्या घरांकडे होतात."
खोटारडा. स्वतःची मान सोडवायला म्हातारीची अडकवतो. हेही वहीत लिहिलं. वही तहसीलदारांच्या हातात दिली. चौकशी धुळ्याला होणार.

१२ मार्च
अक्काला सहज विचारलं. हसेल वाटलं होतं. खाली बसली.
"किल्ल्या मनाजोडे व्हत्यात, बाई. वरली आळीना लोके बठ्ठं लुटी लेतीन, आशे माले वाटनं."
किल्ल्या आपल्याजवळ आहेत हे नंतर सांगायची भीती वाटली म्हणे. आत ह्यांचं औषध आहे हे ठाऊक नव्हतं. मी पहार मारत होते तेव्हा ही शेजारी उभी. किल्ल्या कनवटीला.
ऊठ म्हटलं. निघून गेली.

१३ मार्च
सकाळी आलीच. चूल पेटवून पाणी उकळत ठेवलं.
उद्या धुळे. साहेब विचारतील, किल्ल्या कुणाकडे होत्या. ठाऊक नाही म्हटलं की डॉ. संपले. मला ते संपायला हवेत, अजूनही. किल्ली म्हातारीच्या हातात कोंबून पळणारा पळपुटाच. पण खरं सांगितलं तर ते सुटतील, अक्का धरली जाईल, नि खालची आळी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि कधी वाटतं, धरली जाऊ दे.
पहार खिळा घुसला त्या नऊ तारखेलाही अंगणातच होती. मी अर्ज लिहीत बसले. हे साहेब विचारणार नाहीत.
संध्याकाळी अक्का दारात येऊन उभी राहिली. "मी बी तुनासंगे येसू धुयाले."
ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. बस सहाला सुटते, एवढं सांगितलं.