उसना आवाज

दि. १२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताईडे,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पिल्लाला दात आला का? की नुसतीच लाळ गाळतोय अजून?

पत्र बघून चक्रावली असशील. आपण दोघी पत्र लिहिण्यातल्या नव्हेत. फोन का केला नाही ते सांगते, पण आधी थोडं इकडचं तिकडचं लिहू दे.

आमच्या फिल्मचं शूटिंग संपलं. छोटीशीच आहे, वीस-बावीस मिनिटांची, भीतीची. एका पुरुषावर जीव टाकणारी मुलगी हळूहळू त्याच्या बायकोसारखी होत जाते. तेच केस, तशाच साड्या, तीच चाल. शेवटी बायकोला स्वतःच्याच घरात जागा उरत नाही. पुरुषाचं काम माझ्या नवऱ्याचं, आवाजाचं, म्हणजे रेकॉर्डिंगचं, माझ्याकडे. त्या मुलीचं काम करणारीला सगळे बाहुली म्हणतात. मोठे डोळे, आणि पापणी म्हणून लवत नाही.

बाहुली ह्याच्यावर लट्टू आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं. शॉट संपला तरी ह्याचा हात सोडायची नाही. मेकअपवाल्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "बाई गं, नवरा सांभाळ. ही कॅमेरा बंद झाल्यावर जास्त चांगलं काम करते." मी हसले, पण आतून जळत होते. तुझ्यापासून काय लपवायचं?

घरी विषय काढला तर हा म्हणाला, "तुला मत्सर शोभत नाही. हल्ली तुझं डोकं ठिकाणावर नसतं." मग लाडात येऊन म्हणाला, मागची खोली तुला कामासाठी करून देतो. भिंतींना जाड स्पंज, बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. मी खूश झाले गं. ह्याच्या गळ्यातच पडले.

मागच्या आठवड्यात, शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, रेकॉर्डिंग ऐकायला बसले. नटांच्या कॉलरला छोटा माइक लावलेला असतो. शॉट झाला तरी तो चालूच राहतो, आणि नट ते विसरतात. माझ्याशी लग्न करूनही हा विसरला. दोघं कुठेतरी बाजूला बसलेले असावेत. हेडफोनमध्ये बाहुलीचा आवाज आला, "ताईडे, अगं ऐक की, रागावू नकोस ना..."

आणि ह्याचा आवाज, एकदम शांत, "'ताईडे'वर थोडं हस. ती तिथं नेहमी हसते. परत म्हण."

ती परत म्हणाली. परत. परत. शेवटी शेवटी मला कळेना, मी तिला ऐकतेय की मला.

संहितेत ताईडे हा शब्दच नाही. मी तडक मेकअपच्या खोलीत गेले. बाहुली आरशापुढे बसली होती.

"ताईडे कोण गं?" मी विचारलं.

ती वळलीसुद्धा नाही. आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, माझी थोरली बहीण!" माझ्या आवाजात, ताई. माझं हसू, शेवटी श्वास ओढते तोसुद्धा. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तो म्हणतो, तुमच्यापेक्षा मला जास्त छान जमतं. तुम्ही उलट बोलता ना."

तेव्हाच मी फिल्मच्या ऑफिसातून तुला फोन लावला होता. आठवतं? तू पहिलंच वाक्य काय बोललीस? "आता कशाला फोन केलास? परवा रडत रडत तूच सांगितलंस ना, मला भास होतात, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, दोन-तीन महिने फोन करू नकोस, येऊ नकोस." मी म्हटलं, मी नाही गं बोलले. जवळजवळ ओरडलेच. आणि तू म्हणालीस, "आज तुझा आवाज वेगळाच येतोय. खरंच बरं नाहीये तुला."

ताई, तो परवाचा फोन मी केला नव्हता.

त्या दिवशी घरी गेले तर सुतार मागच्या खोलीचं दार बसवत होता. म्हटलं, "अहो, कडी बाहेरून लावलीत की!" तो म्हणाला, "साहेबांनी बाहेरूनच सांगितलीय." आतून काहीच नव्हतं. नवरा मागे उभा होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आत जाऊन बघ तरी. आवडेल तुला." हात मायेचा होता. त्याचीच जास्त भीती वाटली. सुतार होता म्हणून वाचले. चहा टाकते म्हणाले, स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडले आणि घरातल्या चपलांवरच मेकअपवाल्या काकूंचं घर गाठलं. तेव्हापासून इथेच आहे.

तू म्हणशील, पोलिसात जा. जाऊन काय सांगू? कुणीतरी माझ्यासारखं बोलतं? त्यांनी तुला फोन करून विचारलं, तर तूच सांगशील, तिला भास होतात म्हणून. त्याला बायको मीच हवी आहे गं, फक्त सांगेल तसं बोलणारी. ती त्याला मिळाली. आता मी जास्तीची झालेय.

हे सगळं लिहायचं टाळणार होते, तू घाबरशील म्हणून. पण आज सकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि दारावर थाप पडली. "काकू, मी आहे. उघडा ना, घाई आहे." माझाच आवाज. काकू कडीपर्यंत गेल्या आणि थबकल्या. मागे वळून माझ्याकडे बघितलं. ताई, त्या नजरेत क्षणभर खरंच प्रश्न होता, आतली कोण म्हणून. मी तोंड उघडायला घाबरले. नुसती मान हलवली. काकूंनी दाराला साखळी लावली. बाहेर बराच वेळ कुणी हललं नाही. मग माझं हसू ऐकू आलं, आणि पावलं. दोन माणसांची.

पत्र काकू स्वतः कुरिअरला टाकतील. रेकॉर्डिंगचं कार्ड त्या दिवसापासून माझ्या खिशातच आहे, सोबत आणते. पत्र पोचेल तेव्हा मी गाडीत असेन. तोवर फोनवर मी काहीही म्हणाले, येत नाही म्हणाले, स्टेशनवर घ्यायला ये म्हणाले, तरी ऐकू नकोस. भाऊजींनाही बजाव.

दाराशी आले की मी बोलणार नाही. नुसती उभी राहीन. तू मला नीट बघ, हवा तेवढा वेळ घे, आणि ओळख पटली तरच आत घे.

तुझी,
गप्प राहून येणारी
धाकटी